ग्वाल्हेरचा किल्ला लढाईचा म्हणून पाहायचा तर

प्रश्न थोडक्यात असा: “आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच राहतो. महाराष्ट्रातून पाहुणे आले की गाडीने किल्ल्यावर नेतो, मानमंदिर, सासबहू, तेली का मंदिर दाखवतो आणि खाली आणतो. या वेळी येणारी मंडळी गडकिल्ले फिरणारी आहेत. ती विचारणारच, हा किल्ला एवढा बळकट, तर एवढ्या वेळा हातचा गेला कसा? आणि हे जागेवर दाखवायचं तर सुरुवात कुठून करावी?”

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ग्वाल्हेरचा कडा सर करून किल्ला घेतला, असं मध्ययुगात जवळजवळ घडलेलंच नाही. किल्ला गेला तो धान्यापाण्याने, मदत न आल्याने, दरवाज्यावरच्या माणसाने किंवा ढिल्या पहाऱ्याने. त्यामुळे पाहुण्यांना दाखवायच्या जागा मानमंदिराच्या निळ्या टाइल्स नव्हेत. पूर्वेची चढण, वरची तळी, तटाची लांबी आणि पश्चिमेची उरवाहीची घळ या चार गोष्टी दाखवा. गाडीने उरवाहीतून वर नेलंत तर किल्ल्याची गोष्ट शेवटाकडून सुरू होते. पूर्वेच्या पायथ्याला किलागेटला उतरा, पायी चढा, आणि गाडी उरवाहीतून वर बोलावून घ्या.

सह्याद्रीत फिरलेला माणूस इथे आल्यावर आधी माची, सोंड, बालेकिल्ला शोधतो. इथे यातलं काही नाही. मैदानातून एकटाच उठलेला लांबुळका डोंगर, उंची शहरापासून जेमतेम ३०० फूट. राजगड-तोरणा चढलेल्याला ही टेकडीच वाटेल. पण कडा बघायला सांगा. हा वालुकाश्म आहे, थर आडवे. खालचा मऊ थर वाऱ्यापावसाने खाल्ला की वरच्या कठीण थराचा आधार सुटतो आणि तो सरळ उभा तुटतो. त्यामुळे कडा नैसर्गिकपणेच भिंतीसारखा उभा, काही ठिकाणी तर वरचा भाग खालच्यापेक्षा बाहेर आलेला. जिथे उतार सोपा होता तिथे तो हाताने तासून काढला आहे. त्या कड्याच्या अगदी ओठावर ३०-३५ फुटांचा तट. खालून पाहिलं की तीन पट्टे दिसतात: पडलेल्या दगडांचा घसारा, मग उभा कातळ, मग बांधीव तट. गुजरी महालाच्या बाजूने मान वर करून पाहा, तिन्ही एका नजरेत येतात.

मात्र त्याच थरांत एक खोट आहे. आडव्या थरांमध्ये कंगोरे राहतात, आणि सरावलेल्या माणसाला कंगोरा म्हणजे पायरी. काळ्या बेसाल्टच्या कड्यालाही कंगोरे असतात, पण तो कडा हजार फूट असू शकतो. इथे चढायचं अंतर मुळातच थोडं. हे ध्यानात ठेवा, १७८० मध्ये रात्री कडा चढून किल्ला घेतल्याची गोष्ट इथूनच निघते.

दुसरी खोट लांबीची. डोंगर उत्तर-दक्षिण सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे आणि रुंदी कुठे २०० मीटर, कुठे ८०० च्या वर. नुसत्या दोन लांब बाजू धरल्या तरी पाच किलोमीटर तट झाला, शिवाय उरवाहीची घळ आत घुसलेली, तिच्या दोन्ही काठांचा तट वेगळा. दर पाच मीटरला एक माणूस धरा: पाच किलोमीटरला १,००० माणसं. तीन पहारे धरले तर ३,०००. त्यात दरवाजे, तोफा, कोठारं, पाणी यांवरची माणसं मिळवायची. एवढी शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज, नसेल तर तट आहे पण डोळे नाहीत, अशी अवस्था होते. आणि एवढी शिबंदी असेल तर तिला खायला-प्यायला घालायचं कुठून? मोठ्या किल्ल्याचा हा पेच लहान गडाला नसतो. पाहुण्यांना हा हिशेब तटावर उभं करून सांगा, पटकन उतरतो.

आता वाट. पूर्वेच्या चढणीला पायथ्याशी आलमगिरी दरवाजा लागतो. तो औरंगजेबाच्या काळातला, १६६० चा, म्हणजे किल्ल्याच्या मानाने कालपरवाचा. त्यापुढे बादलगड किंवा हिंडोला दरवाजा, मग गणेश पौर, लक्ष्मण पौर आणि शेवटी हाथी पौर (पौर म्हणजे दरवाजा). गणेश पौर तोमर राजा डूंगरसिंहाचा, हाथी पौर मानसिंहाचा. दरवाजे मोजत बसण्यापेक्षा चढणीची दिशा बघा. तुम्ही ईशान्येच्या पायथ्याशी सुरुवात करता आणि दक्षिणेकडे चढत जाता. म्हणजे सगळा वेळ कडा आणि तट तुमच्या उजव्या हाताला, दरी डाव्या हाताला. ढाल डाव्या हातात असते. चढणाऱ्याची उघडी उजवी कूस सतत वरच्या माणसाकडे असते आणि ढाल मात्र रिकाम्या हवेकडे. आपल्याकडच्या गोमुखी दरवाज्यात शत्रूला वळणात कोंडतात. इथे वळण नाही, इथे लांबी आहे. सबंध चढणभर माणूस माऱ्यात राहतो.

वरच्या टप्प्यात हे अधिक कडक होतं. मानमंदिराची पूर्वेची भिंत सुमारे ३०० फूट लांब, तिला सहा गोल बुरुज, आणि वाट नेमकी तिच्या खालून जाते. लोक तिथे थांबून निळी बदकं आणि केळीची झाडं बघतात, फोटो काढतात. बघावीतच, सुंदर आहेत. पण पाठ भिंतीकडे करून खाली वाटेकडे पाहिलंत तर कळतं की हा राजवाडा म्हणजे किल्ल्याचा तटच आहे, फक्त त्यावर रंग चढवलेला. राजवाड्याच्या दक्षिण टोकाला हाथी पौर चिकटलेला आहे, म्हणजे शेवटचा दरवाजा राजाच्या घराच्या भिंतीतच. पूर्वी तिथे दगडी हत्ती उभा होता, त्यावरून नाव. बाबराने १५२८ मध्ये तो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे.

लक्ष्मण पौरीजवळ एका अखंड खडकातून कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे, तिथे पाच मिनिटं थांबा. त्यातला ८७६ सालचा लेख शून्यासाठी जगभर नावाजलेला. फुलबागेचं माप २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा देवाला, यातल्या २७० आणि ५० मधली शून्यं भारतातल्या सगळ्यांत जुन्या शून्यांपैकी. गणिताची मंडळी तेवढंच बघून जातात. किल्ल्याच्या दृष्टीने माणूस महत्त्वाचा आहे: मंदिर खोदवणारा अल्ल हा प्रतिहार राजा भोजाने नेमलेला गोपगिरीचा कोट्टपाल, म्हणजे किल्लेदार. अकराशे वर्षांपूर्वी या डोंगरावर नेमणुकीचा किल्लेदार होता आणि त्याने आपलं मंदिर दरवाज्याच्या वाटेवर, आपल्या कामाच्या जागी खोदलं. डोंगराचं नाव त्याहून जुनं. हूण राजा मिहिरकुलाच्या पंधराव्या राज्यवर्षातला, सहाव्या शतकातला शिलालेख इथे सापडला, त्यात गोप डोंगरावर सूर्यमंदिर बांधल्याचा उल्लेख आहे. ग्वालिपा साधूने राजा सूरजसेनाचं कुष्ठ बरं केल्याची कथा तुम्हाला पाठ असेलच, ती सूरजकुंडापाशी सांगायला ठेवा, पण कथा म्हणून.

वर आल्यावर मानमंदिराकडे वळायची घाई नको. आधी पाणी. गडावर आधी पाणी पाहावं मग किल्ला बांधावा, हा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला नियम गडप्रेमींना तोंडपाठ असतो. त्यात पुढे आणखी एक बारकावा आहे: झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, लढाईत तोफांच्या धक्क्याने झरे आटतात, म्हणून तळी-टाकी वेगळी हवीत. ग्वाल्हेरला हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसतं. सूरजकुंड, जौहर ताल, मानसरोवर, गंगोला ताल, एकखंबा ताल, कटोरा ताल, रानी ताल, चेडी ताल अशी तळी माथ्यावर विखुरलेली आहेत. यातली बरीचशी आधी खाणी होत्या. दगड काढला, त्याचे तट आणि मंदिरं बांधली, खड्ड्यात पाऊस धरला. एका खर्चात दोन कामं.

पण तळी दिसली म्हणजे पाणी होतं, असं धरू नका. इथे पाहुण्यांना कागद-पेन्सिल द्या. ५,००० माणसं, दर माणशी पिण्या-रांधण्याला रोज ५ लिटर, म्हणजे २५,००० लिटर. घोडी ५०० धरली आणि दर घोडीला ३५ लिटर, तर आणखी १७,५०० लिटर. हत्ती एकटा दीडदोनशे लिटर पितो. हत्ती सोडले तरी रोजचे ४२,५०० लिटर, अकरा महिन्यांचे सुमारे १ कोटी ४० लाख लिटर, म्हणजे १४,००० घनमीटर. ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल तळ्यात ८,४०० घनमीटर मावतात. अशी दोन भरलेली तळी पुरली पाहिजेत, बरोबर? पुरत नाहीत. ग्वाल्हेरच्या मे-जूनच्या झळांत उघड्या पाण्याची पातळी रोज जवळपास एक सेंटीमीटर उतरते. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत पाऊण-एक मीटर पाणी कुणीही न पिता जातं. गाळाने तळाचा अर्धा-एक मीटर आधीच गेलेला. भेगांतून झिरपतं ते वेगळं. उरलेलं कोमट, शेवाळी पाणी हजारो माणसं आणि जनावरं एकत्र वापरतात, मग पोटाचे आजार. वेढ्यात तलवारीपेक्षा हगवणीने जास्त माणसं जात.

म्हणून मानमंदिराजवळची अस्सी खंबा बावडी मला उघड्या तळ्यांपेक्षा मोलाची वाटते. खोल, गोल, भोवती खांबांची सावली. पाण्याचा पृष्ठभाग लहान, ऊन थेट नाही, वाफ कमी, जनावर आत उतरत नाही. उन्हाळ्यात तिच्या काठावर हात टेकून पाहा, बाहेरचा दगड चटका देतो आणि आतल्या पायरीचा गार लागतो. पाणी राखण्याचं सगळं शास्त्र त्या फरकात आहे.

बारमाही पाणी मात्र माथ्यावर नाही, खाली आहे. पश्चिमेला डोंगराच्या मधोमध उरवाहीची (आपण बोलताना उरवाई म्हणतो ती) घळ आत शिरते, तिथल्या विहिरींना पाणी असतं. म्हणजे किल्ल्याचं भरवशाचं पाणी तटाच्या पायथ्याशी, आणि पायथा ज्याच्या ताब्यात त्याच्या हातात किल्ल्याचा गळा.

हे समजलं की दिल्लीच्या सुलतान इल्तुत्मिशचा वेढा समजतो. त्याआधीचे प्रसंग पटकन सांगून टाका. १०२२ मध्ये गझनीचा महमूद आला, चार दिवस वेढा घातला, ३५ हत्तींच्या खंडणीवर समेट करून कालिंजरकडे निघून गेला. ११९६ मध्ये घोरीच्या फौजेने वेढा घातला आणि पुढे किल्ला कुतबुद्दीन ऐबककडे गेला, तोही तट फोडून नव्हे. नंतर तो पुन्हा प्रतिहारांकडे आला आणि इल्तुत्मिशने त्याला अकरा महिने वेढून बसण्याचं ठरवलं. डिसेंबर १२३२ मध्ये गडावरचा राजा रात्री निसटला आणि किल्ला पडला. सातशेवर माणसांना सुलतानाच्या तंबूसमोर शिक्षा झाली. गडावरच्या स्त्रियांनी जोहर केला ती जागा म्हणून जौहर ताल दाखवतात.

या वेढ्याबद्दल “पाणी संपलं म्हणून पडला” असं सरसकट सांगितलं जातं. तारखा मोजा. डिसेंबरला संपलेला अकरा महिन्यांचा वेढा म्हणजे मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. तळी भरली असणारच. म्हणजे पाण्याइतकंच धान्य, मीठ, चारा, सरपण यांचं मोजमाप होतं, आणि सगळ्यांत मोठी उणीव बाहेरून येणाऱ्या फौजेची. वेढलेला किल्ला स्वतः जिंकत नसतो, तो वेळ विकत घेतो. त्या वेळात कुणी पाठीवर यायला हवं. १२३२ मध्ये कुणी आलं नाही. १५४२ मध्येही तेच: शेरशहाच्या फौजेपुढे अबुल कासिम बेगने मोगलांचा किल्ला धरून ठेवला होता, पण हुमायून देशोधडीला लागलेला, मदत कोण पाठवणार? किल्ला सोपवला. १५५९ मध्ये अकबराच्या सरदाराला सूरांच्या, म्हणजे शेरशहाच्या घराण्याच्या, माणसाने तो असाच सोपवला.

इल्तुत्मिशने किल्ला घेतल्यावर काय केलं ते महत्त्वाचं. उरवाहीच्या तोंडाशी तट घालून घळीतल्या विहिरी किल्ल्याच्या आत घेतल्या. बाबराने तीनशे वर्षांनंतर हे पाणी, तो तट आणि त्यावरचं इल्तुत्मिशचं नाव पाहून नोंदवलं. वेढा घालून बसलेल्या माणसाला किल्ल्याचं दुखरं बोट कुठे आहे ते कळलेलं असतं, आणि किल्ला हाती आल्यावर त्याने आधी तेच बांधून घेतलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

तोमरांच्या काळात, म्हणजे तैमूरच्या स्वारीनंतर दिल्ली खिळखिळी झाल्यापासून, किल्ला शंभराहून जास्त वर्षं एका घराण्याकडे राहिला. मानसिंहाने (१४८६-१५१६) सिकंदर लोदीला दाद दिली नाही. सिकंदरने मग आजूबाजूचं तोडायला घेतलं, नरवर घेतला. मोठा किल्ला घ्यायचा तर आधी त्याचे शेजारी घ्यायचे, हा शहाणपणाचा डाव होता, फक्त तो पूर्ण व्हायला वेळ लागला. इब्राहिम लोदीच्या काळात आझम हुमायून सरवानी मोठी फौज घेऊन आला. वेढा चालू असताना मानसिंह गेलेला होता, गादीवर मुलगा विक्रमादित्य.

हा वेढा गुजरी महालासमोर उभं राहून सांगायचा, कारण लढाई तिथे झाली. पूर्वेच्या पायथ्याशी बादलगड नावाचा पडकोट होता, गुजरी महाल त्याच्याच आवारात. लोदींच्या माणसांनी त्याच्या तटाखाली सुरुंग खणून दारू भरली आणि तट उडवला. प्रश्न विचारा: सुरुंग इथेच का, वर का नाही? वरचा तट अखंड कातळावर बसलेला, त्याखाली खणणार कसं आणि कुठून? बादलगडाचा तट मात्र जमिनीवर. कड्यावरच्या किल्ल्याला पायथ्याशी पडकोट जोडला की पाणी, बाजार, वाडे यांना संरक्षण मिळतं, पण किल्ल्याला एक असा भाग चिकटतो जो सुरुंगाच्या टप्प्यात आहे. बादलगड पडला आणि चढणीचं तोंड शत्रूच्या हाती आलं. तिथला पितळी नंदी दिल्लीला गेला. त्यानंतर विक्रमादित्याने किल्ला सोडला आणि १५२६ मध्ये पानिपतावर तो इब्राहिम लोदीच्याच बाजूने लढताना पडला.

बाबराच्या माणसाने किल्ला घेतला ती हकिकत मला सगळ्यांत बोलकी वाटते, कारण तिच्यात ना सुरुंग आहे ना शिडी. पानिपतानंतर किल्ल्यावर अफगाण तातारखान होता. आसपासच्या जमीनदारांच्या दबावाने त्याने बाबराला किल्ला देऊ केला, पण बाबराचा सरदार रहीमदाद फौज घेऊन आला तसं तातारखानाचं मन फिरलं. किल्ल्यात शेख मुहम्मद घौस होते, ज्यांची कबर आज शहराच्या हजिरा भागात तानसेनच्या समाधीशेजारी आहे. त्यांनी निरोप धाडला की कसंही करून आत या, याच्या मनात खोट आहे. रहीमदादने तातारखानाला कळवलं, बाहेर शत्रूचा धोका आहे, मला थोड्या माणसांनिशी आत घ्या, बाकी फौज बाहेर राहू दे. तेवढं मान्य झालं. मग त्याने हाथी पौरीवर आपला एक माणूस ठेवायची परवानगी मागितली. तीही मिळाली. त्याच रात्री त्या माणसाने दरवाजा उघडला आणि सगळी फौज आत आली. सकाळी तातारखानाला काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आधीचे सगळे दरवाजे, ती उजव्या कुशीची चढण, मानमंदिराचे सहा बुरुज, सगळं जागच्या जागी शाबूत. हाथी पौरीच्या देवडीत उभं राहून हे सांगा आणि अडसराच्या खोबणी भिंतीत शोधायला लावा. किल्ल्याची किल्ली खरोखर एका माणसाच्या हातात असते. आपल्याकडे एका गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे तिघे एकमेकांवर नजर ठेवणारे अधिकारी नेमत, ते याच भीतीपोटी.

मोगल काळात किल्ल्याला वेढ्याचं भय उरलं नाही, तो शाही तुरुंग झाला. गुरू हरगोविंदांची कैद, मुरादबक्षचा १६६१ मधला वध, सुलेमान शुकोहचा शेवट हे सगळं इथलं. बळकट किल्ला आतल्या माणसालाही बाहेर जाऊ देत नाही.

१७८० हा मात्र आपल्या मंडळींनी नीट समजून घ्यावा असा प्रसंग, कारण तेव्हा वर शिंद्यांची शिबंदी होती. ३ ऑगस्टच्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या पोफम नावाच्या कॅप्टनने किल्ला घेतला. वाट दाखवली शेजारच्या गोहद संस्थानाच्या राण्याकडच्या लुटारूंनी, जे रात्री कंगोरे धरून किल्ल्यात चढून चोऱ्या करत. शिपायांना पाय निसटू नयेत म्हणून कापूस भरलेले लोकरी जोडे दिले. पावसाळा, ओला दगड, आणि बुटांच्या नालांचा आवाज नको, दोन्ही गोष्टी त्यात साधल्या. चढायचं होतं ते तीन टप्प्यांत: पहिला १६ फुटांचा तासलेला कडा, त्याला लाकडी शिड्या. मग सुमारे ४० यार्डांचा तीव्र चढ, तो हातापायांवर. मग ३० फुटांचा तट. त्यावर आधी लुटारू चढले आणि दोरशिड्या वर बांधून खाली सोडल्या.

पायथ्याशी पोचले तेव्हा वर मशाली दिसल्या, गस्त चालली होती. ते थांबले, गस्त पुढे गेली, शिड्या लावल्या. चूक इथे आहे. मशाल घेऊन फिरणाऱ्या गस्तीला स्वतःला कमी दिसतं आणि शत्रूला मात्र ती लांबून दिसते. ती गेली की आता पुढचा फेरा होईपर्यंत मोकळं, हेही शत्रूला तीच सांगते. गस्त अंधारात, वेळ बदलून, मध्येच उलटी फिरणारी हवी आणि दोन गस्तींच्या मध्ये जागचा पहारा हवा. पाच किलोमीटरहून लांब तटाला तेवढी माणसं ठेवली नाहीत की हे असं होतं. वर आलेल्या काही शिपायांनी घाईने झोपलेल्यांवर गोळ्या झाडल्या आणि किल्ला जागा झाला, तरी उशीर झाला होता. किल्ला मग गोहदच्या राण्याला दिला गेला आणि १७८३ मध्ये महादजींनी तो परत घेतला.

तोफांचा प्रश्न पाहुणे विचारतीलच. कड्यावरच्या तटाला तोफेने भगदाड पाडलं तरी काम होत नाही. सपाटीवरच्या कोटात तट कोसळला की दगडांचा ढीग होऊन तोच उतार बनतो आणि त्यावरून एल्गार करता येतो. इथे दगड कड्यावरून खाली घरंगळतात आणि भगदाडाखाली कातळ तसाच उभा राहतो. शिवाय खालून ३०० फूट वर मारायचं म्हणजे नेम धरणं अवघड. त्यामुळे जुन्या तोफांनी किल्ला डगमगला नाही. १८०४ मध्ये इंग्रजांनी जड तोफा लावून भगदाड पाडलं आणि फेब्रुवारीत शिबंदी बाहेर पडली. तट फुटून किल्ला गेल्याचा हा ठळक प्रसंग, तोही मध्ययुग संपल्यावरचा. १८०५ मध्ये तो शिंद्यांना परत मिळाला. दौलतरावांची छावणी १८१० पासून किल्ल्याच्या दक्षिणेला पडली ती आपलं लष्कर. राज्यकर्ते खाली राहायला आले यावरूनच किल्ल्याचा लढाऊ काळ संपत आल्याचं कळतं. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई पडल्यानंतर शहर गेलं, तरी वर थोडे लोक तोफा डागत राहिले. २० जूनला दोन लेफ्टनंट एका लोहाराला घेऊन चढले आणि त्याने एकेक दरवाजा फोडला. दरवाज्यामागे माणसं नसली तर दरवाजा म्हणजे लाकूड आणि लोखंड.

पाहताना एक गल्लत हमखास होते. दिसणारा सगळा तट मानसिंहाचा समजला जातो. तसं नाही, हा तट पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त झालेला आहे. खालचे थर मोठ्या घडीव दगडांचे आणि त्यावर लहान दगड, चुना, मधूनच विटा दिसल्या तर वरचं काम नंतरचं. मारगिरीची भोकं बारकाईने बघा. जंगी बाहेरून अरुंद, आत रुंद आणि खाली उतरती असेल, एकाच कोनाड्यातून दोन-तीन दिशांना फुटत असेल तर ती बंदुकीसाठी केलेली, बाण-भाल्याच्या काळातली नव्हे. आतून डोळा लावा: तिच्यातून वाट दिसते की नुसतं आकाश? आकाश दिसत असेल तर ते दुरुस्तीत चुकीचं बसवलेलं किंवा नुसतं शोभेचं.

वेळेचं सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, सकाळी साडेसातला किलागेटला असा. पूर्वेच्या भिंतीवर तेव्हा ऊन तिरपं पडतं आणि तासलेल्या कड्यावरचे छिन्नीचे घाव उठून दिसतात, दुपारी ते सपाट होतात. गुजरी महालातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. चढणीची फरसबंदी पावसात निसरडी होते, रबरी तळाचे बूट घाला. चढण आणि दरवाजे दीड तास, तळी आणि बावडी एक तास, पश्चिम तट एक तास, मानमंदिर आतून पाऊण तास. तळघराचे दोन मजले बघायला बॅटरी घ्या. तटाच्या कडेला मुलांना मोकळं सोडू नका, काही ठिकाणी चर्या, म्हणजे तटावरचा कठडा, ढासळल्या आहेत आणि पलीकडे सरळ कडा आहे.

शेवटी उरवाहीतून उतरताना गाडी सोडून चाला. दोन्ही बाजूंना कातळात तोमरांच्या काळातल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत, सर्वांत उंच ५७ फुटांची. बाबराने त्या फोडायला सांगितल्या, पुढे जैन समाजाने काहींचे चेहरे चुन्याने पुन्हा केले. दगड आणि चुन्यातला जोड जवळून दिसतो. घळीच्या मध्यावर आलात की थांबा आणि दोन्ही काठांवरचा तट बघा. इथे खाली उभ्या असलेल्या माणसावर तीन बाजूंनी मारा करता येतो, आणि चौथ्या बाजूला, घळीच्या तोंडाशी, विहिरी आत घेणारा तो तट. उरवाही दरवाज्यातून बाहेर पडून पन्नास पावलं चाला आणि वळून बघा. इथून वरचं मानमंदिर दिसत नाही, तळी दिसत नाहीत. वेढा घालणाऱ्याला दिसायचा तो एवढाच किल्ला, एक भिंत आणि तिच्या आड पाणी.